अक्का, गोळ्या का सोडल्यास?

अक्का, तुझा चौदावा उरकून मी धाराशिवला परत आले आणि शाळेत हजर झाले. बायांनी विचारलं, बहिणीला झालं तरी काय होतं? मी म्हटलं, थायरॉईड. कुणाला काही कळलं नाही. तुझ्या सासरी हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तिथं सगळ्यांना ठाऊकच होतं की देवीनं आपलं झाड परत नेलं. ज्याच्या अंगात देवी येते त्याला झाड म्हणायचं, आणि झाड मेलं तर देवीनं नेलं म्हणायचं. मग कुणी कुणाला जाब विचारायचाच नाही.

मला मात्र तुझ्याशी भांडायचंय. जिवंतपणी भांडायला लागले की तू हसायचीस आणि म्हणायचीस, "कुशे, तुझी जीभ म्हंजी खुरपं हाय बघ." आता हसणारी तू उरली नाहीस. तेव्हा खुरपं चालू दे.

सुरुवात तहानेपासून झाली. आठवतं का? शालन तेव्हा तुझ्या कडेवर होती. संक्रांतीला तू माहेरी आलीस, आपण दोघी जेवायला बसलो आणि भाकरीचा तुकडा तुझ्या तोंडात नुसता फिरत राहिला. "गिळंना गं. तोंडात थुकाच न्हाय," म्हणालीस. मग भाकरी ताकात कुस्करलीस आणि तशा चार भाकरी खाल्ल्यास. आई बिचारी खूश झाली, लेकीला माहेरचं अन्न गोड लागलं म्हणून. पण तुझ्या दंडातली वाकी कोपराशी घसरत होती, ते तिला दिसलं नाही. पौषाच्या कडाक्यात तू घोंगडं भिरकावून उघड्या भुईवर पडायचीस आणि तरी मानेला घाम. आईनं दृष्ट काढली, चुलीत मिरच्या टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त. झाला इलाज.

सासरी तर काय, बहारच होती. तुझे डोळे मोठे झाले होते, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसायला लागलं होतं. तुझी सासू म्हणायची, सून माझ्याकडं डोळे वटारून बघती. तुझे हात थरथरायचे, तांब्यातलं पाणी सांडायचं. ती म्हणायची, मुद्दाम सांडती. खाल्लेलं अंगाला लागेना, तर ही बया चोरून कुणाला खाऊ घालती म्हणून गल्लीभर बोंब. आणि दाजी! आईच्या शब्दाबाहेर नसलेले आपले दाजी. त्यांनी डोळे वटारण्यावरून तुला बैलाच्या कासऱ्यानं मारलं. पाठीवरचे वळ तू मला दाखवले होतेस. आजारानं मोठे झालेले डोळे लहान करून दाखव म्हणून मार खाल्लेली बाई या मराठवाड्यात तू एकटीच असशील अक्का.

मग ते नवरात्र आलं. तुझ्या तोंडूनच मी ते ऐकलंय, शंभर वेळा. देवळात आरती चालली होती, संबळ वाजत होता, तुझं काळीज आधीच धडधडत होतं, दोन दिवस उपास. संबळाचा जोर वाढला तसं तुझं अंग थरथरायला लागलं, केस सुटले, तू खाली बसलीस. कुणीतरी म्हातारी ओरडली, "आई आली गं, आई आली!" तुझ्या कपाळावर भंडारा फासला गेला. तू सांगायचीस, "मला काय बी कळलं न्हाय कुशे. डोळं उघडून बघते तर आत्याबाई माझ्या पायावर डोकं ठिऊन." आत्याबाई म्हणजे तुझी सासू. जिनं तुला मागितल्यावर कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, ती तुझ्या पायावर. दाजी हात जोडून उभे.

तिथून पुढं मंगळवारी आणि शुक्रवारी तुझ्या ओसरीवर माणसं बसायला लागली. कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा लेक रागावून हैद्राबादला गेलेला. तू मळवट भरून, गळ्यात कवड्यांची माळ घालून बसायचीस. उखळाला तुझा हात लागायचा बंद झाला. पाण्याची खेप बंद. सासू तुला "अहो" म्हणायला लागली. मला ते ऐकून हसू यायचं. तुला यायचं नाही.

आणि मीही आले होते, अक्का. तुला हे विसरायचं नव्हतं आणि मला आठवायचं नव्हतं. कुंकू पुसून मी माहेरी बसलेली. पोलीस ॲक्शननंतर शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, तेव्हा गुरुजी अण्णांना म्हणाले, पोरीला मिडलला बसवा. अण्णांनी मन घट्ट करून बसवलं. परीक्षेआधी चार दिवस मला काही सुचेना. मी तुझ्या गावी आले, रांगेत बसले आणि माझी पाळी आल्यावर तुझ्या पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, मी पास हुईन का?" सख्ख्या बहिणीला आई म्हटलं मी. तू थरथरत होतीस. जीभ टाळूला चिकटलेली, शब्द फुटेना. कुणीतरी तांब्या पुढं केला, तू घोट घेतलास आणि म्हणालीस, "जा. पास हाईस तू."

मी पास झाले. मास्तरीण झाले. धाराशिवला खोली घेऊन राहायला लागले. स्वतःच्या कमाईची भाकरी खाताना तुझ्या त्या दोन शब्दांची आठवण झाली नाही, असं म्हटलं तर माझ्या जिभेला किडे पडतील.

माझ्या शाळेतल्या एका बाईंची नणंद होती. तिचे डोळे हुबेहूब तुझ्यासारखे. तोंडाला तीच कोरड, हाताला तोच कंप. सोलापूरच्या डॉक्टरनं तिला बरी केली होती. त्या बाईंनी सांगितलं, गळ्यात एक ग्रंथी असते, ती गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की अंगातली चूल रात्रंदिवस भडकलेली राहते. ते ऐकलं आणि मला तू दिसलीस. तुझ्या कंठाशी आलेली ती गाठ दिसली, जिच्यावर कवड्यांची माळ रुतायची. मी त्या दिवशी वर्गात जाऊन पोरींना पाढे म्हणायला लावले आणि स्वतः खिडकीशी तोंड करून उभी राहिले.

तुझ्या घरी सांगितलं, तुळजापूरला दर्शनाला नेते. झाडाला देवीच्या दर्शनाला नको कोण म्हणणार? तुळजापूरला खरंच दर्शन घेतलं आणि लगेच सोलापूरची मोटार धरली. तू घाबरली होतीस, पण आलीस. डॉक्टरनं तुला दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटं फाकवायला लावली आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पाखरासारखा फडफडायला लागला. तू त्या कागदाकडं बघत राहिलीस. डॉक्टर म्हणाला, "किती दिवसांचं आहे हे?" तू म्हणालीस, "आई येती तवापासनं." तो माझ्याकडं बघायला लागला. मी खाली मान घातली.

त्यानं गोळ्या दिल्या. वर्ष-दीड वर्ष रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, मध्ये मध्ये येऊन दाखवायचं. तोंडाच्या कोरडीचं मीच विचारलं. म्हणाला, गोळ्या लागू पडल्या की कमी होईल, तोवर तांब्याभर पाणी एकदम ढोसायचं नाही, घोट घोट घ्यायचं, दिवसभर. मिश्री बंद. चहा कमी. भाकरी कोरडी खायची नाही, ताकात नाहीतर वरणात भिजवून खायची. तोंडात आवळकाठी धरायची म्हणजे लाळ सुटते. जेवल्यावर चूळ भरायची, नाहीतर लाळेविना दात किडतात. ओठांना तूप लावायचं. "आणि उपास नाही," तो म्हणाला. "पाणी सोडून उपास तर मुळीच नाही." दोनदा म्हणाला. मी कागदावर लिहून घेतलं. तुला वाचता येत नव्हतं म्हणून मोटारीत तुझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. मिश्री बंद म्हटल्यावर तू तोंड वाकडं केलंस. "देवी सोड म्हण, पण मिश्री सोड म्हणू नगंस," म्हणालीस, आणि आपण दोघी अशा हसलो की पुढच्या बाकड्यावरचा माणूस वळून बघायला लागला. अक्का, तेवढा एकच दिवस आपण नुसत्या बहिणी होतो.

गोळ्या तुझ्या घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी आवळकाठीच्या पिशवीत खाली दडवून पाठवायची. चार महिन्यांत तुझ्या अंगानं मांस धरलं. हात थांबले. तोंडाला पाणी सुटायला लागलं. मी आले तेव्हा तू कोरडी भाकरी ठेच्याशी खाऊन दाखवलीस, लहान पोरीनं पाठ म्हणून दाखवावा तशी. मला काय आनंद झाला होता गं!

आणि ओसरी रिकामी झाली. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, आईचं वारं येईना. माणसं थोडे दिवस बसून बघायची आणि उठून जायची. सासूनं "अहो" सोडलं. काहीतरी विटाळ झाला असंल, हिनं काहीतरी शिवलं असंल, म्हणून रोज उलटतपासणी. उखळ परत तुझ्या हाताखाली आलं. बरी झालेली सून कुणाला हवी होती? त्यांना थरथरणारी पाहिजे होती.

श्रावणात मी आले आणि तुझा हात धरला तर तो परत कापत होता. मी विचारलं, गोळ्या संपल्या का? तू म्हणालीस, "व्हय, संपल्या." मी म्हटलं, परवाच तर पाठवल्या. मग तू माझ्याकडं सरळ बघितलंस. तुझे ते मोठे डोळे.

"गोळी घेतली की हात थांबतोय गं," तू म्हणालीस. "पर हात थांबला की ह्यांचा हात सुटतोय. तू हितं राहात न्हाईस, कुशे. तुला काय जातंय बोलाया?"

"अगं, मरशील!"

"मरंल की. पर कुणाच्या पायाखाली न्हाय मरणार."

मी चिडले. गाठ, ग्रंथी, सोलापूर, सगळं परत सांगितलं. म्हटलं, हा रोग आहे अक्का, यात देवी नाही, कधीच नव्हती. तू ऐकून घेतलंस आणि हळूच म्हणालीस, "न्हाय ना? मग तू पास कशी झालीस? सांग की."

अभ्यास केला म्हणून पास झाले, हे म्हणायला काय हरकत होती? पण खरं म्हणजे त्या चार दिवसांत माझं पुस्तक उघडलं जात नव्हतं आणि तू "पास हाईस" म्हटल्यावर उघडलं गेलं. माझ्या आयुष्यात तेवढा धीर मला दुसऱ्या कुणी दिला नाही. हेच मी तुला सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, मला देवीनं नाही, तू पास केलंस, तुझ्या कोरड्या पडलेल्या तोंडानं. त्याऐवजी मी काय म्हणाले? म्हणाले, "मग मर तिकडं देवी होऊन." पिशवी उचलली आणि निघाले. तू वेशीपर्यंत आली नाहीस. मीही मागं वळून बघितलं नाही.

बाकीचं मला शालननं सांगितलं. तुझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं. यंदा नवरात्रात आई परत जोरात आली म्हणून सासूनं तुझ्याकडून कडक व्रत धरवलं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, संध्याकाळी आरतीनंतर पळीभर तीर्थ. पाचव्या माळेपासून तुझं अंग तापलं. ओकाऱ्या झाल्या. काळीज असं उडत होतं की चोळी हलताना दिसायची. तू बडबडायला लागलीस. सगळे म्हणाले, आईचा जोर वाढलाय. आणि आणखी दोन संबळवाले बोलावून घेतले. डॉक्टर बोलावणं तर लांबच. तू पाणी मागत होतीस. सासू म्हणाली, व्रत मोडू नका, आईचा कोप होईल. शालननं परकराचं टोक घागरीत बुडवून तुझ्या तोंडात पिळला, तर तिच्या मुस्काटात बसली. अष्टमीच्या सकाळी तू गेलीस.

पाण्यावाचून, अक्का. घरात दोन घागरी भरलेल्या असताना.

मला निरोप दसऱ्याला मिळाला. आले ती ओसरीवरच किंचाळले, "तुम्ही मारलंत माझ्या बहिणीला! तिला रोग होता, रोग!" बायांनी मला धरून बाजूला नेलं. दाजी भिंतीला टेकून ढसढसा रडत होते आणि म्हणत होते, माझी लक्ष्मी गेली, माझी आई गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध! दहाव्यापर्यंत मी त्या घरात कुणाशी बोलले नाही. आवरासावर करताना उतरंडीच्या सगळ्यात खालच्या गाडग्यात मला तू सोडल्यापासूनच्या गोळ्या सापडल्या. सगळ्या. एकेक पुडी मी बांधली तशीच, दोरासुद्धा सोडलेला नाही. आवळकाठी मात्र तू खाल्ली होतीस. एक तुकडा उरला नव्हता. मी गाडगं मांडीवर घेऊन बसून राहिले. तुझा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तुझी इतकी कीवही.

तुझ्या चौदाव्याला गाव जमलं. देवळामागं ओटा बांधलाय तुझ्या नावाचा, एक गोटा शेंदरानं माखून ठेवलाय. मी मागं उभी होते, जेवणं झाली की मोटार धरायची म्हणून. तेवढ्यात तुझी सासू शालनचा हात धरून पुढं आली. तिनं तिच्या कपाळावर मळवट भरला. तुझी माळ तिच्या गळ्यात घातली. "झाड गेलं तर काय झालं, रोप हाय घरात," ती म्हणाली. माणसं "उदो उदो" म्हणाली. संबळ सुरू झाला. आणि शालनचे हात थरथरायला लागले.

भीतीनं असेल. बहुतेक भीतीनंच. पण मी पोरीच्या गळ्याकडं बघत होते.

अक्का, ओरडून काही होणार नव्हतं. दहा दिवसांपूर्वी मी ओरडून बघितलं होतं. गाठ, ग्रंथी, डॉक्टर, कागद, सगळं सगळं मला येत होतं आणि त्यातलं एक अक्षर तिथं चालणार नव्हतं. गाढवापुढं वाचली गीता! मी पदर खोचला, माणसांतून वाट काढत ओट्याशी गेले आणि तुझ्या त्या शेंदरी गोट्यापुढं आडवी झाले. उठले आणि म्हणाले, "ऐका. आज पहाटं अक्का माझ्या स्वप्नात आली." संबळ थांबला. "मळवट भरून आली. म्हणाली, कुशे, मी चुकले न्हाय, तू चुकलीस. मी देवीचीच होते. पर माझ्या लेकीला अठरा वर्षं हुईस्तोवर कवडी लावू देऊ नगंस. तिला धाराशिवला ने, शाळंत घाल. माझं ऐकलं न्हाय तर या घराला पाणी मिळणार न्हाय."

मी म्हणाले हे, अक्का. पोरींना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारी मास्तरीण मी. तुझ्यासारखं बोलले, तुझ्याच आवाजात. सगळ्या गावापुढं कबूल केलं की रोग नव्हता, देवी होती. आपलं भांडण तिथं संपलं. तू जिंकलीस.

आणि काय सांगू, त्यांनी लगेच मानलं. दाजींनी माझ्यापुढं हात जोडले. तुझ्या सासूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिचंच हत्यार होतं ते. तिनं स्वतःच्या हातानं शालनच्या गळ्यातली माळ काढली. एवढे दिवस मी खरं बोलून तुला त्या घराबाहेर काढू शकले नाही. तुझी लेक एका खोट्यावर पाच मिनिटांत बाहेर पडली. त्याच दुपारी आम्ही मोटारीत बसलो.

शालन खिडकीशी बसली होती. कपाळावरचा मळवट पुसून पुसून कातडं लाल झालं होतं तिचं. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "मावशी, आई खरंच आलती का तुझ्या सपनात?"

तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"न्हाय बाळा," मी म्हणाले. "रोज वाट बघते. एकदा बी आली न्हाय."